त्याच्याकडेच बंद पडणारी स्कूटर

पांढरेशुभ्र सुती हातमोजे घालून कुणी गॅरेजमध्ये येतं का? तुम्हीच सांगा! मी एका मोपेडच्या पोटात डोकं खुपसून बसले होते, सहज मान वर केली, आणि समोर हे ध्यान. उंच, घामाघूम, फिकट निळी स्कूटर ढकलत आणलेली, आणि हँडलवर ते मोजे. माझ्या हातातला पाना निसटून थेट पायावर पडला.

"लागलं का?" तो दचकून म्हणाला.

"पायाचं मी बघते. हातमोजे कशासाठी, ते आधी सांगा."

त्यानं आपल्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते मोजे कुणी दुसऱ्यानंच त्याला चढवले असावेत. "अरे देवा... कामावरून तसाच आलो. संग्रहालयात असतो मी. साठवणीच्या विभागात. हाताच्या घामानं वस्तू खराब होतात ना, म्हणून."

"आणि स्कूटर?"

"तीही वस्तूच की," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडली. मी दुसऱ्या गालाकडेही बघून घेतलं... नव्हती. एकाच गालाला का बरं? माझं हे असंच आहे. एखादी गोष्ट का होते हे कळलं नाही, की डोक्यात भुंगा शिरतो आणि उत्तर मिळेपर्यंत बाहेर पडत नाही.

मागे बाबांची खुर्ची करकरली. कंबर धरल्यापासून बाबांनी हत्यारं माझ्या हवाली केलीत, जीभ मात्र स्वतःकडेच ठेवलीय. दिवसभर तोंडावर वर्तमानपत्र पांघरून झोपेचं सोंग घेतात आणि सगळं ऐकतात.

"गिऱ्हाईकाला स्टूल दे," वर्तमानपत्राखालून आवाज आला.

मी स्टूल सरकवलं. "काय होतंय हिला?"

"सुरू होते. उभ्या उभ्या छान गुणगुणते. पण मूठ पिळली की... घुसमटते. भुक्-भुक् करते आणि मान टाकते."

"किती दिवस उभी होती?"

"वर्षं म्हणा. मावशीची गाडी. तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा मीच ठेवून दिली. पण अगदी नीट ठेवली हं!" त्याची छाती जरा फुगली. "टाकी रिकामी केली. चाकं जमिनीपासून उचलून ठेवली. सायलेन्सरच्या तोंडाला बूच मारलं. ओल लागू नये, किडा-मुंगी शिरू नये म्हणून जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं बंद केलं. वर चादर, चादरीवर मेणकापड. सगळी बुचं परवा काढली."

"कार्बोरेटर रिकामा केला होता का?"

"तो... कुठे असतो?"

मी हसू दाबलं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात ती छोटी वाटी. टाकी रिकामी केली तरी वाटीत घोटभर पेट्रोल उरतंच, आणि ते वाळून चिकट पिवळा थर होऊन बसतं. त्याच्याचसमोर खोलून दाखवलं. आतलं जेट, म्हणजे पेट्रोल जायची पितळी नळी, पार बुजली होती. मी ती धुतली, फुंकली आणि उजेडाकडे धरली.

"बघा, आरपार दिसायला पाहिजे."

तो वाकला. एवढ्याशा भोकाला एकच डोळा लागतो, पण आम्ही दोघांनी एकदमच लावायचा प्रयत्न केला. त्याच्या अंगाला जुन्या कागदांचा आणि कापराचा वास येत होता.

"आभाळ दिसतंय," तो हळूच म्हणाला.

"दिसणारच. आता पळेल."

आणि पळाली. मी गल्लीला चक्कर मारून आले, गाडी लोण्यासारखी. तो निघून गेला, आणि मी मोपेडच्या पोटात परत डोकं घातलं. बराच वेळ नुसतंच घातलं होतं, हे बाबांच्या लक्षात आलं असावं, कारण ते खोकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत. या वेळी हातमोजे नव्हते, नखांत काळं होतं.

"परत?" मी ओरडलेच.

"तुमच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत लाडात होती. बाजार ओलांडला, पुलावर चढलो, आणि... भुक्-भुक्. उतरलो, पेट्रोल आहे का बघितलं, होतं. किक मारली, सुरू! घराजवळ गेलो, परत तेच."

"आता येताना?"

"आता येताना पण. पुलावरच."

मी किक मारली. एका किकेत सुरू. चक्कर मारली, वळवली, मूठ शेवटपर्यंत पिळली... कुठे काही नाही. तो फाटकाशी उभा राहून बघत होता, त्याचा चेहरा अगदी शाळेत खोटारडा ठरवलेल्या मुलासारखा झालेला.

"माझ्याकडे तर शहाण्यासारखी चालतेय."

"शप्पथ, माझ्याकडे बंद पडते!"

"दोष गाडीत आहे, की गाडीवाल्यात?" वर्तमानपत्र म्हणालं.

तो लाल झाला. मी बाबांकडे डोळे वटारले, पण वर्तमानपत्राला डोळे वटारून काय उपयोग? मी प्लग बदलला, हवेची जाळी साफ केली, पेट्रोलचा पाइप नवा घातला. तो स्टुलावर बसून एकेक वस्तू निरखत होता, आणि मी त्याला निरखत होते. हे कामाचा भाग म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

"तुमच्याकडे सगळ्यात गमतीची वस्तू कुठली?" मी विचारलं.

"एक लाकडी पेटी आहे. किल्ली हरवलेली. हलवली की आत काहीतरी वाजतं."

"काय?"

"माहीत नाही."

"म्हणजे? उघडली नाही?"

"आम्ही उघडत नाही. जपून ठेवतो."

"आणि तुम्हाला झोप लागते?" माझा पाना हवेतच राहिला. "मी पहिल्याच दिवशी कुलूप तोडलं असतं!"

"म्हणूनच तुम्ही गॅरेजमध्ये आहात आणि मी साठवणीत, मेकॅनिकसाहेब." ती एका गालाची खळी परत पडली. 'मेकॅनिकसाहेब' मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. 'ए ताई, हवा भर', एवढंच ऐकायची सवय.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी सकाळीच केस धुतले होते. सहज. गॅरेजमध्ये काय, धूळ असतेच.

"पूल?" मी विचारलं.

"पूल," तो म्हणाला. मग स्टुलावर बसला आणि हात चोळत राहिला. "मला एक सांगायचं होतं. डोंगरावरच्या गावात नवीन संग्रहालय झालंय. तिथं माझी नेमणूक झाली. रविवारी निघायचं. संग्रहालय वर टोकाला, खोली खाली गावात... स्कूटर हवीच. रविवारपर्यंत झाली, तर हिच्यावरच जाईन."

"आणि नाही झाली तर?"

"तर बसनं जाईन. गाडी तुमच्याकडेच राहील. मग न्यायला... यावं लागेल. परत."

तो माझ्याकडे बघत नव्हता, चाकाकडे बघत होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी बरी झाली, तर हा गेला तो गेला. बिघडलेली राहिली, तर परत येईल. आजवर माझ्या हातून एकही गाडी तशीच परत गेली नव्हती, आणि आता पहिल्यांदाच मला वाटलं... जाऊ दे, काय वाटलं ते काय सांगायचं! मला तो आवडत होता. साफ सांगते, खूप आवडत होता. आणि त्यानं स्वतःहून तोंड उघडावं म्हणून जीव टांगणीला लागला होता.

पण भुंगा! माझ्याकडे चालते, त्याच्याकडे बंद पडते. का? तीच गाडी, तेच पेट्रोल. मी त्याची उलटतपासणीच घेतली. गियर कधी बदलता? ब्रेकवर पाय ठेवता का? खिशात जड काय असतं? गाणं म्हणता का चालवताना?

"गाण्याचा काय संबंध?"

"संबंध नाही. मला जाणून घ्यायचंय."

"म्हणतो," तो पुटपुटला. "हळू आवाजात."

शनिवारी संध्याकाळी मी हात टेकले. "असं इथं बसून कळणार नाही. तुम्ही चालवा, मी मागे बसते. बंद पडेपर्यंत जायचं."

वर्तमानपत्र एकदम स्तब्ध झालं. एरवी निदान श्वासानं तरी हलतं.

"दिवे लागायच्या आत या," एवढंच ते म्हणालं.

मागे बसले खरी, पण धरायचं कुठे? मी सीटमागचा स्टेपनीचा टायर घट्ट धरला. बाजाराच्या कोपऱ्यावर खड्डा आला, आणि माझा हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला. मी झटकन मागे घेतला.

"खांदा चालेल," तो पुढे बघत म्हणाला.

"घामानं खराब झाला तर?"

"मी सांभाळेन. माझं कामच आहे ते."

मग मी हात ठेवला. पूल आला, नेमकी आजच तिथं ती थांबली नाही, गोदामांची रांग आली, मग लांबलचक सरळ रस्ता आणि दोन्हीकडे मोकळं रान. वारा केसांत शिरत होता. मी कान देऊन इंजिन ऐकत होते, म्हणजे आधी इंजिनच ऐकत होते. मग त्याच्या पाठीतून एक बारीकशी गुणगुण ऐकू आली, आणि थोडा वेळ मी ती ऐकली.

आणि... भुक्. भुक्-भुक्. गाडीचा जीव एकदम घुसमटला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली.

"बघितलंत? बघितलंत ना?" तो आनंदानं ओरडला. गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. "मी खोटं बोलत नव्हतो!"

तो टुणकन उतरला, सीट वर केली, पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण फिरवलं, आणि झाकण सैल होताच एक बारीक आवाज आला. फुस्स... हवा आत ओढल्यासारखा.

"थांब!" मी किंचाळले.

तो जागच्या जागी पुतळा. "आत्ता तुम्ही मला 'थांब' म्हणालात."

"म्हणाले. परत लावा झाकण. आता किक मारा. चला, पुढे चला!"

"पण कुठं?"

"बंद पडेपर्यंत!"

गाडी एका किकेत सुरू झाली. आम्ही पुन्हा तेवढंच अंतर गेलो आणि पुन्हा भुक्-भुक्. या वेळी दोघांनीही टाकीशी कान नेला, त्यानं झाकण अगदी हळू, चोरासारखं फिरवलं. फुस्स! आमची डोकी खाडकन एकमेकांवर आपटली.

"हवा आत जातेय," तो कपाळ चोळत कुजबुजला. "याचा अर्थ?"

"याचा अर्थ, टाकीतलं पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा यायला हवी. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ते बंद असलं तर पेट्रोल आतच अडून बसतं. जवळच्या चकरेत कळतच नाही, लांब गेलं की गुदमरते. आज टाकीत पेट्रोल कमी, हवेला जागा जास्त, म्हणून पुलाच्या पुढेपर्यंत आली." मला हसूही येत होतं, आणि स्वतःचा रागही. "आणि तुम्ही दर वेळी पेट्रोल बघायला झाकण उघडत होतात. उघडलं की हवा आत, लगेच बरी! माझ्याकडे येईपर्यंत ठणठणीत!"

मी झाकण मावळत्या उजेडाकडे धरलं. भोकाच्या जागी तांबूस रंगाचा एक चकचकीत थेंब होता. टणक. नखानं टोकरून बघितला, हलेना.

"हे काय आहे?"

तो बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "लाख," तो म्हणाला. "पेट्या मोहोरबंद करायची लाख. बाकीची बुचं काढली, हा थेंब विसरलो. मीच लावला होता... बाहेरचं वारं लागू नये म्हणून."

"काय करावं तुम्हाला! तिला श्वास नको का घ्यायला?"

"जपत होतो हो," तो अगदी लहान आवाजात म्हणाला.

माझ्या ओढणीला सेफ्टी पिन होती. ती काढली, थेंबावर टेकवली, आणि हात थांबला. खरं सांगते, थांबला. एक टोक दाबलं की गाडी बरी. नाही दाबलं, तर उद्या हा बसनं जाईल आणि परत येईल. त्याला काय कळणार होतं? 'अजून काहीतरी वेगळंच आहे,' म्हटलं असतं, तर त्यानं मान डोलावली असती.

तोही माझ्या हाताकडे बघत होता.

"कळलंय मला, का ते," मी म्हणाले, त्याला नव्हे, बहुतेक स्वतःलाच. "कळल्यावर तसंच नाही ठेवता येत."

कट्ट. थेंबाचा तुकडा उडाला. उरलेला मी टोकरून काढला, फुंकर मारली, झाकण लावलं. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही. गोदामं गेली, पूल गेला, बाजार गेला. एवढी सुरेख दुरुस्ती झालेली गाडी, आणि तिच्यावर दोन माणसं तोंडं पाडून बसलेली!

रविवारी सकाळी तो आला. मागे बॅग बांधलेली, इस्त्रीचा शर्ट. मी हवा तपासली, ब्रेक तपासला, परत हवा तपासली.

"रस्त्यात काही झालं तर?" त्यानं विचारलं.

"झालं, तर फोन कर," बाबा म्हणाले. आज त्यांनी वर्तमानपत्र चक्क मांडीवर ठेवलं होतं. "आणि नीट चालली तर करू नकोस. आमचा नियम आहे. गिऱ्हाईकाचा फोन नाही, म्हणजे काम चोख."

"बरं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. ओठ हलले. मी श्वास रोखला.

"मेकॅनिकसाहेब... म्हणजे... तुम्ही जे केलंत, त्याबद्दल... हवा ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

आणि तो गेला. ठेवून देणारा माणूस! सगळं आतल्या आत जपून, मोहोर मारून ठेवणारा! मी चिडून मोपेडचे नटबोल्ट इतके आवळले की परत सैल करावे लागले.

दिवसभर फोन हत्यारांच्या फळीवर, माझ्या हाताशी. वाजला, तर पंक्चरवाला. परत वाजला, तर कुणाला तरी दुसरंच कुणी हवं होतं. दुपार झाली. आता तो चढणीला लागला असेल. आता वळणं असतील. गाडी तापली असेल. मी थेंब पूर्ण काढला होता ना? काढला होता. शंभर टक्के काढला होता. फोन गप्प होता, म्हणजे काम चोख होतं, आणि मला त्या चोख कामाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

उन्हं उतरली तरी भुंगा काही बसेना. तो पोहोचला का? त्याला काय म्हणायचं होतं? 'हवा ठीक आहे ना' हे कुणी ओठ थरथरत विचारतं का? बाबा खुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र, घोरत होते. मी फोन उचलला.

पहिल्या रिंगलाच त्यानं घेतला. पूर्ण वाजूही दिला नाही.

"गॅरेजमधून बोलतेय," मी घसा खाकरला. "गाडी बंद पडली का?"

"नाही."

"अजिबात नाही? चढणीला?"

"नाही. एकदम छान आली."

"बरं," मी म्हणाले.

"तुमचा आवाज असा का झालाय?" त्यानं विचारलं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. "कारण बंद पडायला हवी होती!" मी म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझं काम फसावं. तुझी गाडी रस्त्यात थांबावी, तुझा फोन यावा आणि मी पाना घेऊन निघावं. तू मला आवडतोस. आता सांगून टाकलं. तू ठेव हवं तर मोहोर मारून."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो हसला, आणि त्या गालाला खळी पडली असणार, हे मला इथं बसून कळलं.

"मी प्रत्येक वळणावर थांबलो," तो म्हणाला. "गाडी चालू असताना. फोन काढायचो, तुझं नाव काढायचो, आणि मग तुझ्या बाबांचा नियम आठवायचा. म्हटलं, खोटं कसं सांगू, बंद पडली म्हणून? अजून खोलीवर गेलेलो नाही मी. रस्त्याच्या कडेला बसलोय, तुझ्या नंबरकडे बघत." तो थांबला. "मलाही तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. पायावर पाना पडला, आणि तू हातमोज्यांचं विचारत होतीस, तेव्हापासून. बोलायची हिंमत नव्हती."

मी भिंतीला टेकले.

"मग आता?" तो म्हणाला. "त्या नियमाचं काय?"

"नियम माझा नाही. बाबांचा आहे."

घोरणं कधीच थांबलं होतं. वर्तमानपत्राची एक कड वर झाली.

"नियम बदलला म्हणावं त्याला," बाबा म्हणाले. "आणि त्याला जरा मोठ्यानं बोलायला सांग, त्याचं मला काही ऐकू येत नाहीये."

"काय म्हणाले?" त्यानं घाबरत विचारलं.

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"म्हणाले, गाडी नीट चालली, तर रोज फोन करायचा."